सरांना नाव कसं कळतं

माझी भाची पुण्याच्या आयसर या विज्ञान संस्थेत शिकते. सुट्टीला नाशिकला आली की तिच्या प्रोफेसरांच्या लकबी रंगवून सांगते. त्यात नवल नाही, मास्तरांच्या नकला आम्हीही केल्या. नवल याचं, की सरांनाही हिची खोड माहीत आहे: उत्तर पटलं नाही की ही नुसती मान हलवते आणि दुसऱ्या दिवशी भांडायला येते.

2006 साली सुरू झालेल्या या संस्थेत बीएस-एमएस या जोडपदवीचं शेवटचं वर्ष प्रबंधाचं. त्याच्या आधीपासूनच मुलं कुणाच्या ना कुणाच्या लॅबमध्ये घुसलेली असतात. तिकडे अमेरिकेत कॅलटेक या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या विद्यापीठात पदवीचे सगळे विद्यार्थी मिळून हजाराच्या आसपास. 1979 पासून तिथे उन्हाळ्यात या पोरांना प्राध्यापकांच्या हाताखाली संशोधनाला घेतात. बिघडलेल्या प्रयोगासमोर दोघं डोकं धरून बसले की ओळख वेगळी करून द्यावी लागत नाही.

मी नाशिकला कॉलेजात केमिस्ट्री शिकवतो. आमच्या एफवायच्या, म्हणजे पदवीच्या पहिल्या वर्षाच्या वर्गात मुलं शंभरावर. हजेरीत रोल नंबर, मागच्या बाकांवर नुसती डोकी. मला पोरं कळतात ती प्रॅक्टिकलला. सिन्नरहून एसटीने येणारी एक मुलगी टायट्रेशनच्या, म्हणजे रंग जेमतेम बदलेपर्यंत ब्युरेट नावाच्या नळीतून द्रावण थेंबथेंब सोडायच्या प्रयोगाच्या, शेवटी थेंब पूर्ण पडूच द्यायची नाही. ब्युरेटच्या टोकाला लोंबणारा अर्धा थेंब फ्लास्कच्या आतल्या कडेला टेकवायची आणि वॉश बॉटलने खाली उतरवायची. गुलाबी छटा इतकी फिकी, की खाली पांढरी टाइल नसती तर दिसली नसती. शेजारचा गडी मात्र डाळिंबाच्या रसासारखा फ्लास्क नाचवत "सर, आलं!" करत यायचा. जर्नलमध्ये त्याची तिन्ही रीडिंग तंतोतंत सारखी, अर्थात तिच्याकडून उतरवलेली. दोघांचीही नावं मला पक्की पाठ.

छोट्या संस्थेत मुलं कमी, म्हणून ओळख होते असं म्हणतात. मला ते अर्धंच पटतं. तिथली मुलं आवारातच राहतात, रात्री नऊला सर मेसच्या वाटेवर भेटतात. आमच्याकडे प्रॅक्टिकल संपलं की मुलं सीबीएसच्या एसटी स्टँडकडे पळतात आणि आम्ही गंगापूर रोडकडे.

2020 च्या शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षाला संशोधनाची सोय केली आहे. करू द्या की. फक्त उशिरापर्यंत लॅब उघडी ठेवणारे मामा आणि त्यानंतर सिन्नरला जाणारी गाडी, यांचं आधी बघा.