खोडासाठी लावावे असे झाड : कांडोळ

बागेसाठी झाड निवडताना फुले, फळे आणि सावली यांचा विचार सगळेच करतात. खोडाच्या देखणेपणासाठी झाड लावणारे मात्र विरळाच. ज्यांना तशी हौस आहे, त्यांनी परदेशी रोपांच्या मागे लागण्यापूर्वी आपल्याच कोरड्या, खडकाळ डोंगरउतारांवर वाढणारा कांडोळ एकदा निरखून पाहावा, असे मला मनापासून वाटते. पांढरूक म्हणूनही ओळखले जाणारे हे झाड हिवाळ्यात पाने गाळते आणि पुढे उन्हाळाभर जवळजवळ उघडेच राहते; त्याचे खरे रूप दिसते ते याच काळात. जवळ जाऊन पाहिले, तर पांढुरक्या सालीचे कागदासारखे पातळ पापुद्रे कडेने सुटून वळलेले असतात आणि त्यांच्याखाली नवी, गुळगुळीत, हिरवट साल दिसते. ते पापुद्रे हाताने सोलण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा.

रोपे बियांपासून होतात. पाच भागांच्या तांबूस फळांवर खाजरी लव असल्यामुळे ती उघड्या हातांनी काढू नयेत. रोपाचे मूळ सुरुवातीपासूनच जाड होत जाते, म्हणून पिशवी खोल घ्यावी आणि पावसाळ्याच्या प्रारंभी रोप कायमच्या जागी हलवावे. जमीन मुरमाड, पाण्याचा चांगला निचरा होणारी हवी. पाणी साचणारी काळी माती या झाडाला मानवत नाही.

जागा ठरवताना हिवाळ्यातले तिरपे ऊन खोडावर कुठून पडेल, हे आधी पाहावे; मागे एखादे गर्द सदाहरित झाड असल्यास खोड अधिक उठून दिसते. समोर झुडपांची दाटी नको. खालच्या फांद्या कोवळ्या असतानाच काढाव्यात, कारण मोठी जखम झाली की त्यातून डिंक वाहू लागतो. हाच तो बाजारातला कराया डिंक, ज्याच्या हव्यासापायी खोडावर बेसुमार घाव घातल्याने जंगलातली कित्येक झाडे खंगली आहेत. खोडाला चुना आणि गेरू फासण्याची आपली सवय मला सर्वच झाडांच्या बाबतीत खटकते. कांडोळाच्या बाबतीत तर ती असह्य होते.

ज्यांच्याकडे पाऊस भरपूर आहे, त्यांनी कांडोळाऐवजी सह्याद्रीतला नाणा लावावा; त्याचीही फिकट, गुळगुळीत साल पापुद्रे टाकते. ओढ्याकाठची जागा असेल, तर अर्जुनाइतके शोभिवंत खोड दुसरे नाही.