मीठ शोधताना सापडलेली मूठ (आईच्या वह्या, नोंद तिसरी)

आईच्या पाककृतींच्या तिन्ही वह्या टंकून एसक्यूलाइट या छोट्या डेटाबेसमध्ये घातल्या आहेत आणि शोधासाठी त्यातलंच एफटीएस५ हे मजकूर शोधणारं साधन वापरतोय. गेले दोन आठवडे 'मीठ' या एका शब्दापायी गेले, पण फार शिकायला मिळालं.

मीठ शोधलं की 'एक मूठ शेंगदाणे' यायचं. गूळ शोधला की 'गाळून घ्या'. पोळी शोधली तर लिंबू पिळलेल्या झाडून सगळ्या कोशिंबिरी! युनिकोड६१ हा त्याचा मूळचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरं आणि आकडे शब्दात धरतो. काना, मात्रा, वेलांटी ही युनिकोडच्या (संगणकातल्या अक्षरांच्या प्रमाण यादीच्या) लेखी 'मार्क' वर्गातली चिन्हं, म्हणून तिथे तो शब्द तोडतो. मीठ म्हणजे म आणि ठ, मूठही तेच. टेबल बनवताना कॅटेगरीज या पर्यायात एमएन (जागा न घेणारी चिन्हं) आणि एमसी (जागा घेणारी चिन्हं) हे 'मार्क'मधले दोन्ही वर्ग वाढवा. नुसत्या एमएनने भागत नाही: उकार, मात्रा आणि अनुस्वार त्यात येतात, पण काना आणि दोन्ही वेलांट्या एमसीत आहेत.

मूठ गेली, पण 'मिठाचा खडा'ही गेला. स्वर गळून पडत होते म्हणून तो आधी आपसूक सापडत होता. खरं काम इथून सुरू झालं, कारण आता गाठ सामान्यरूपाशी होती.

इ-ई आणि उ-ऊ एक मानले की मीठ-मिठा, गूळ-गुळा जुळतात. तांदूळ-तांदळा मात्र जुळत नाही, तिथे उकारच उडतो. असे शब्द हाताने यादीत घातले. मग प्रत्यय काढायचे, लांब आधी आणि आखूड नंतर. पहिल्याच फेरीत 'लोणचे'मधला चे कापला जाऊन 'लोण' उरलं, मिरचीची 'मिर' झाली, खसखशीचा शेवटचा स गेला आणि भाताचा 'भा' झाला. आता दर वेळी कापण्याआधी शब्द यादीत आहे का ते बघतो. असला तर हात लावत नाही. 'मिरचीची'मधला एक ची जातो, दुसरा राहतो. मूळ शब्द आणि कापलेलं रूप दोन्ही एकाच जागी नोंदवतो, एफटीएस५मध्ये तशी सोय आहे.

'जिऱ्याची' मात्र अर्ध्या ठिकाणी सापडेना. एका कळफलकाने ऱ आणि हलन्त लिहिलं होतं, दुसऱ्याने साधा र, हलन्त आणि झेडडब्ल्यूजे हे न दिसणारं जोडचिन्ह. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. एनएफसी या युनिकोडच्या एकसारखं करण्याच्या पद्धतीने हे एक होत नाहीत, स्वतः बदलावे लागतात. मराठीत शोध लिहिणाऱ्या प्रत्येकाने ही ओळ आधी घालावी, असं माझं ठाम मत आहे.

सापडलेल्या कृतींच्या क्रमवारीला बीएम२५ हे गुण देणारं सूत्र आहे. दुर्मीळ शब्दाला जास्त वजन, ही त्यातली कल्पना कॅरन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडली. मीठ जवळपास प्रत्येक कृतीत, म्हणून त्याचं वजन नगण्य. ओवा मोजक्या ठिकाणी, म्हणून 'ओवा मीठ' शोधलं की ओव्याच्या पुऱ्या सर्वांत वर येतात. काल आईने स्वतः 'तांदूळ' टाकून पाहिलं आणि 'तांदळाची उकड' पहिली आली.

आता 'पुरणपोळी' आणि 'पुरण पोळी'. आईने दोन्ही लिहिलंय, कधी कधी एकाच पानावर.