करमळीचं तळं, चोडणची खारफुटी: पक्ष्यांची चित्रं काढणाऱ्यांसाठी

गोव्यात पक्षी बघायला येणारे बहुतेक जण धनेश, कर्णा, नवरंग ही नावं मनात धरून थेट जंगलाकडे गाडी वळवतात. चित्रं काढायची असतील तर आधी पाणथळीवर या. जंगलातला पक्षी क्षणभर दिसतो आणि पानाआड जातो. तळ्यावरचा पक्षी तासभर समोर असतो, आणि हात तयार होतो तो त्याच्यावरच. जानेवारीत आमचा फोंड्याचा छोटा गट याच विचाराने करमळीहून सुरुवात करून चोडणला गेला. जंगल शेवटी ठेवलं.

करमळीचं तळं कोकण रेल्वेच्या करमळी स्थानकाला लागूनच आहे. गाडीने येणाऱ्यांना सामान घेऊन चालतही जाता येतं. सकाळी ऊन पाठीशी राहील अशी बाजू धरा. सावली जवळपास नाही, तेव्हा टोपी आणि घडीचं बुटकं स्टूल हवंच. अडईंचे थवे, कमळपक्षी, जांभळ्या पाणकोंबड्या थंडीत इथे भरपूर असतात.

जांभळी पाणकोंबडी शिकाऊ हाताला फार चांगली. ती पाणवनस्पतीचा देठ उपटते, एका पायाच्या लांब बोटांत धरते आणि चोचीने सोलून आतला मऊ भाग खाते. चार पावलं चालते, शेपटी झटकते, शेपटीखालचा पांढरा भाग लख्ख दिसतो, की पुन्हा नवा देठ. हाच क्रम चालू राहतो. म्हणून एका पानावर चार-पाच आकृत्या एकदमच सुरू कराव्यात. मान खाली गेली की एक आकृती, वर आली की दुसरी. पक्षी हलला म्हणून खोडू नका, ती ढब परत येते. ती आली की अर्धवट राहिलेली आकृती पुढे न्या.

आधी चोच किंवा डोळा काढायचा मोह आवरा. पहिली रेघ कण्याची: पाठ कोणत्या कोनात आहे, शेपटी त्या रेषेत आहे की वळलेली. मग अंगाचा अंडाकार, मग डोकं. पायात मागे वाकलेला जो सांधा दिसतो तो गुडघा समजून बरेच जण चुकतात. तो घोटा असतो, खरा गुडघा वर पिसांत झाकलेला असतो. हे कळलं की पाय अंगाखाली नीट बसतात. शेवटी एकदा तपासा: बोटांवर सगळ्या अंगाचा तोल राहतोय का? राहत नसेल तर पिसं कितीही सुंदर रंगवा, पक्षी पडल्यासारखाच दिसणार.

दुर्बीण धरली की एक हात अडकतो. ज्यांच्याकडे तिरक्या आयपीसचा (डोळा लावायच्या भिंगाचा) स्पॉटिंग स्कोप, म्हणजे एका नळीची दुर्बीण, आणि ट्रायपॉड आहे त्यांनी तो जरूर आणावा: मान न उचलता नजर स्कोपमधून कागदावर येते. नसेल तर फक्त जवळचे पक्षी काढा. काठावरच्या तारेवर वेडा राघू बसतो, उडून माशी पकडतो आणि पुन्हा त्याच जागी येतो. त्याला स्कोपची गरज नाही.

रंगांचं म्हणाल तर सकाळी दव असतं आणि वॉश, म्हणजे जलरंगाचा पातळ थर, लवकर सुकत नाही. त्या वेळात पेन्सिलीने काढा, बाजूला रंगाच्या नोंदी लिहा, ऊन चढलं की रंग लावा. कागद जाड, ३०० जीएसएमचा, पण लहान तुकड्यांत. मोठा कागद वाऱ्यात सांभाळण्यातच वेळ जातो.

जुने गोव्यात पातळ भाजी-पाव खाऊन आम्ही रायबंदरहून फेरीबोटीने चोडण बेटावर उतरलो. डॉ. सलीम अली पक्षी अभयारण्य धक्क्याजवळच आहे. १९८८ साली जाहीर झालेलं हे अभयारण्य जेमतेम १.७८ चौरस किलोमीटरचं, जवळजवळ सगळं खारफुटीचं. निघण्याआधी भरती-ओहोटीच्या वेळा बघा. भरतीला होडी आतल्या खाड्यांत शिरते, पण ती डुलते आणि रेघ स्थिर राहत नाही. मला विचाराल तर ओहोटी गाठा. चिखल उघडा पडला की तुतवार आणि इतर चिखलपक्षी चरायला उतरतात.

बेटावरच्या खाजन शेतांच्या, म्हणजे बांध घालून खाडीकाठी केलेल्या शेतांच्या, बांधांवरही वेळ काढा. ओहोटीला मानशीतून (बांधातल्या पाण्याच्या दारातून) पाणी खाडीत ओढलं जातं, त्या धारेबरोबर मासे येतात आणि बगळे, ढोकऱ्या तिथे खिळून उभे राहतात. ढोकरी मान इतकी आखडून घेते की मानच नाही असं वाटावं, आणि मासा टिपताना तीच मान दुप्पट लांब होते. दोन्ही ढबी शेजारी शेजारी काढून बघा. पांढऱ्या बगळ्याला पांढरा रंग लावू नका: कागद कोरा सोडा, मागचं गढूळ पाणी रंगवा, पोटाखालच्या सावलीत निळसर करडा आणि गवतावरून परतलेल्या उजेडाची किंचित पिवळी छटा द्या.

इथल्या खंड्यांचा निळा रंग सगळ्यांना नादाला लावतो. तो पिसांतल्या रंगद्रव्याचा नसतो. पिसांच्या सूक्ष्म रचनेवर प्रकाश विखुरतो म्हणून तो दिसतो, त्यामुळे उन्हात पेटलेली पाठ सावलीत मळकट होते. चित्रात तो आणायचा तर निळ्याचा एकच स्वच्छ वॉश द्या आणि त्याला पुन्हा हात लावू नका. भोवतालची खारफुटी मळकट, तपकिरी हिरव्याने दाबा. निळा आपोआप उजळतो.

आता जंगल. बोंडला अभयारण्यात जाणार असाल तर गुरुवार टाळा, त्या दिवशी ते बंद असतं. तांबडी सुर्लाला कदंबकालीन महादेव मंदिराजवळ ओढा आहे, तिथला परिसर मला जास्त आवडला. दाट झाडीत उजेड कमी, तेव्हा रंग पिशवीतच राहू द्या आणि मऊ पेन्सिलीने फक्त छाया-प्रकाश पकडा. पक्ष्यामागे धावू नका, फळांनी लगडलेला उंबर शोधून त्याच्याजवळ थांबा. धनेश आणि बुलबुल फळांवर येतात. काळ्या डोक्याचा, माणिकरंगी गळ्याचा पिवळा बुलबुल दिसला तर तो गोव्याचा राज्यपक्षी. ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्याला बोलावू नका, त्याची वीण आणि खाणं दोन्ही बिघडतं.

पाचोळ्यावर थेट बसू नका. शेजारच्या सत्तरी तालुक्यात माकडतापाचे रुग्ण आढळले आहेत आणि तो गोचिडीतून पसरतो. पूर्ण बाह्यांचे कपडे घाला, विजार मोज्यांत खोचा, मुक्कामावर पोहोचताच कपडे बदला आणि अंग तपासा.

संध्याकाळी, डोळ्यांत पक्षी ताजा असतानाच, अर्धवट पानं पूर्ण करा. फोनमधले फोटो त्यानंतर उघडा, आणि तेही पंखांवरच्या पट्ट्या किंवा पिसांच्या रांगा पडताळण्यापुरतेच.