आरशातल्या उजेडासाठी ड्रायव्हर शोधताना झालेली वणवण: माझा अनुभव

मुंबईच्या लोहार चाळीत, म्हणजे विजेच्या सामानाच्या बाजारात, एलईडी पट्टीसाठी ड्रायव्हर (घरची वीज दिव्यांना लागेल तशी करून देणारा डबा) मागितला की समोरून पहिला प्रश्न येतो, "कितने वॉट का?" नुसतं या प्रश्नाचं उत्तर देऊन माल घेऊ नका. आधी व्होल्ट सांगा, मग काउंटरवरच खोक्यातून ड्रायव्हर बाहेर काढा आणि त्याच्या अंगावरचं लेबल स्वतः वाचा. हे मला कुणी वेळेवर सांगितलं असतं तर माझा आरसा गणपतीच्या आधी भिंतीवर लागला असता.

आरसा पेटीचा आहे. परळची आमची चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा खोलीच्या सागवानी खिडक्यांची झडपं मी राखून ठेवली होती. त्यांच्या फळ्या रंधून अडीच इंच खोल पेटी केली आणि आत मागच्या बाजूला १८ बाय २४ इंचांचा आरसा बसवला. पुढच्या कडेला आतून अर्ध्या इंचाची लाकडी पट्टी सोडली. तिच्या आड दिवे लपतात, त्यांचा उजेड आरशावर पडतो आणि समोर उभ्या माणसाच्या चेहऱ्यावर येतो. लाकूडकाम ठरल्याप्रमाणे झालं. जुनं सागवान मन लावून काम करणाऱ्याला त्रास देत नाही, फक्त रंधा चालवण्याआधी त्यातले जुने खिळे शोधून उपसावे लागतात.

दिव्यांचा हिशेबही सोपा होता. पेटीचा आतला घेर साधारण ८४ इंच, म्हणजे सव्वादोन मीटरच्या आत. मीटरला १२० दिव्यांची, १२ व्होल्टची पट्टी घेतली. ती मीटरमागे ९.६ वॉट खाते, म्हणजे सगळी मिळून २० वॉटच्या आसपास. ड्रायव्हर पूर्ण क्षमतेवर कधी चालवू नये, किमान वीस टक्के जागा राखावी. म्हणून २५ वॉटच्या वरचा हवा, आणि बाजारात सहज मिळतो तो १२ व्होल्ट, ३ अँपिअर, म्हणजे ३६ वॉटचा. हे सगळं कागदावर लिहून नेलं होतं.

दुकानात कागद दाखवला. काउंटरवरच्या मुलाने पट्टी कापली, दुकानाच्या स्वतःच्या पुरवठ्यावर लावून दाखवली. छान लागली. मग मागच्या फडताळातून "३६ वॉट" लिहिलेलं खोकं काढून पट्टीबरोबर पिशवीत टाकलं. मी विचारलं, "बारा व्होल्टचाच ना?" तो म्हणाला, "मॅडम, एलईडी का ही है, चल जाएगा." पट्टी तपासली गेली होती, पण ड्रायव्हर कुणी तपासलाच नव्हता. मला सगळ्यात जास्त राग याच गोष्टीचा आहे.

घरी जोडला तर पट्टी टिक-टिक करत उघडझाप करायला लागली. लगेच बटण बंद केलं, चष्मा लावून लेबल वाचलं. आउटपुट: ८० ते १२० व्होल्ट डीसी, ३०० मिलीअँपिअर. तो छताच्या पॅनल लाइटचा ड्रायव्हर होता. असे ड्रायव्हर करंट ठरलेला ठेवतात आणि व्होल्ट दिव्यांच्या साखळीप्रमाणे वरखाली करतात. पट्टीला नेमकं उलटं लागतं: व्होल्ट बाराच राहायला हवेत, करंट ती तिला हवा तेवढा ओढते. दोघांच्याही खोक्यावर ३६ वॉट लिहिलेलं असतं आणि दोघांनाही ड्रायव्हरच म्हणतात. मला याहून गंभीर वाटलं ते वेगळंच. १२ व्होल्ट मी मुद्दाम निवडले होते, कारण पेटीत वायरचे सोल्डर केलेले सांधे उघडे आहेत आणि आरसा पुसताना ओला हात तिथे जाणार. शंभरच्या वर डीसी व्होल्ट अशा जागी सोडणं म्हणजे माणसाला झटका बसण्याची सोय करून ठेवणं. हे "चल जाएगा"मध्ये बसत नाही.

परत गेले. मरीन लाइन्सला उतरून प्रिन्सेस स्ट्रीटने चालत, पावसात, पिशवी छत्रीखाली धरून. मुलगा म्हणाला, इलेक्ट्रिकचा माल परत होत नाही, शेठशी बोला. शेठ जेवायला गेलेले. जेवून आले ते गोदामात गेले. मी काउंटरच्या कोपऱ्यात उभी, मागून हातगाड्या, पुढून घाऊक गिऱ्हाईकं, प्रत्येक जण माझ्या डोक्यावरून माल मागणारा. मध्येच एकाने सल्ला दिला, "आप वायरमन को भेज दो, उसको समझेगा." मी त्याला लेबलावरचा आकडा वाचून दाखवला आणि माझ्या कागदावरचाही. तो गप्प झाला, पण काम पुढे सरकलं नाही. पुढच्या खेपेला शेठ भेटले. त्यांनी खोकं हातात घेतल्या घेतल्या सांगितलं, "ये तो पॅनलवाला है, स्ट्रिप में नहीं चलेगा." एवढं एक वाक्य ऐकायला मला इतका वेळ घालवावा लागला! पैसे मिळाले नाहीत, बदल्यात माल घ्या म्हणाले. आणि १२ व्होल्ट, ३ अँपिअरचा त्यांच्याकडे शिल्लक नव्हता. "कल आएगा." तो कल काही लवकर उजाडला नाही. शेवटी त्या पैशांची वायर आणि अॅल्युमिनियमची पट्टी घेतली आणि तो दरवाजा सोडला.

ड्रायव्हर मिळाला लॅमिंग्टन रोडला, ग्रँट रोड स्टेशनपासून चालत जाण्याच्या अंतरावर. तिथे मी "ड्रायव्हर" म्हटलंच नाही. "बारा व्होल्ट, तीन अँपिअरचा एसएमपीएस" म्हटलं, म्हणजे ठरलेले व्होल्ट देणारा पुरवठा. दुकानदाराने न विचारता प्लगला लावला, मल्टिमीटरची (व्होल्ट मोजायच्या यंत्राची) टोकं ठेवली, १२.१ दाखवले आणि माझ्याकडे वळवून दाखवले. मला त्या क्षणी इतकं हलकं वाटलं! तुम्हीही मल्टिमीटर घ्याच. साधा दोन-तीनशे रुपयांत मिळतो आणि पुढे घरात कायम उपयोगी पडतो.

लेबलावर आणखी एक गोष्ट बघा. एलईडीच्या ड्रायव्हरला आणि अडॅप्टरला भारतीय मानक ब्युरोची नोंदणी सक्तीची आहे. लेबलावर "आर"ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक छापलेला असतो आणि तो बीआयएस केअर या अॅपवर टाकून तपासता येतो. क्रमांक नसेल तर स्वस्त असला तरी ठेवून द्या.

ड्रायव्हर पेटीत कोंबू नका. मी तो खाली प्लगजवळ ठेवला आहे, पेटीत फक्त १२ व्होल्टची लाल-काळी वायर जाते. बंद लाकडात तो तापतो आणि तापलेला ड्रायव्हर लवकर मरतो.

पट्टी कुठेही कापू नका. १२ व्होल्टच्या पट्टीत साधारणपणे दर तीन दिव्यांनंतर कात्रीची खूण असते, तिथेच कापायची. कोपऱ्यांत पट्टी दुमडण्यापेक्षा तुकडे करून वायरने सोल्डर करणं चांगलं. अधिक-उणे उलटं झालं तर दिवे लागत नाहीत, सुलट केलं की लागतात.

पट्टीमागचा चिकट टेप मुंबईच्या दमट हवेत लाकडावर टिकत नाही, पॉलिशवर तर नाहीच. अॅल्युमिनियमची खोबणपट्टी स्क्रूने बसवा, तिच्यात पट्टी चिकटवा आणि वर दुधी झाकण लावा. झाकण नसेल तर आरशात दिव्यांचे ठिपके ओळीने दिसतात आणि डोळ्यांना टोचतात.

रंगाचं आधी सांगायला हवं होतं, कारण पट्टी घेतानाच ठरवावं लागतं. उजेडाची छटा केल्विनमध्ये सांगतात, आकडा जितका मोठा तितका उजेड निळसर. ६५०० केल्विनचा पांढरा चेहऱ्याला आजारी करतो. मी ४००० घेतला. त्याबरोबर सीआरआय, म्हणजे त्या उजेडात रंग किती खरे दिसतात याचा शंभरपैकी आकडा, विचारा, ९०च्या वर असलेला बरा. कमी सीआरआयच्या उजेडात कुंकवाचा लाल मातकट दिसतो. दुकानात आकडा माहीत नसेल तर पट्टी पेटवून तिच्याखाली आपला तळवा धरा. त्वचा हिरवट किंवा राखाडी वाटली तर घेऊ नका. आमच्या वहिनी लग्नसमारंभात साड्या नेसवण्याचं काम करतात. त्यांनी या आरशासमोर उभं राहून पदराचा मोरपंखी रंग दुकानाबाहेर दिसतो तसाच दिसतोय असं सांगितलं, तेव्हा मला माझ्या कामाचा खरा अभिमान वाटला.

मंद-प्रखर करायला डिमर लावणार असाल तर मोबाइलचा कॅमेरा सुरू करून उजेडाकडे धरा. पडद्यावर काळे पट्टे सरकताना दिसले तर डिमर हलक्या प्रतीचा आहे.

आणि आरसा पेटीत चिकटवताना सिलिकॉन न्यूट्रल क्युअर लिहिलेलंच घ्या. व्हिनेगरसारखा आंबट वास येणारं सिलिकॉन आम्ल सोडतं, ते आरशामागचा चांदीचा थर खातं आणि कडा काळ्या पडतात. वायरचं भोक मात्र आरसा चिकटवण्याआधी पाडून घ्या.