आमची वाटचाल : फळ्यावर लिहिलेलं अ‍ॅव्हरेज

कराडच्या मार्केट यार्डात वडिलांनी १९९६ साली एक जुनी टाटा ४०७ आणून उभी केली, तिथून आमच्या घरात गाड्यांचा व्यवसाय सुरू झाला. वडिलांना सगळे अण्णा म्हणत. रात्री भाजी भरून पुण्याला जायचं आणि येताना किराणा आणायचा. गाडी ते स्वतः चालवत आणि शेजारी क्लीनर म्हणून सुट्टीत मी. गाड्या पुढे कशा वाढल्या ते थोडक्यात सांगतो. ४०७ च्या दोन झाल्या, मग सहाचाकी ट्रक आला. मी धंद्यात पूर्ण वेळ उतरल्यावर कर्ज काढून दहाचाकी घेतली, क्रशरच्या खडीसाठी टिपर घेतले. आज चार दहाचाकी, तीन टिपर, दोन छोट्या गाड्या आणि अकरा ड्रायव्हर आहेत.

अण्णांची एक सवय होती. गाडी हलवण्याआधी हातात टॉमी, म्हणजे लोखंडी कांब, घेऊन ते गाडीभोवती एक फेरी मारत आणि प्रत्येक टायर वाजवत. हवा नीट असेल तर टायर टणक वाजतो, टॉमी हातात उसळते. हवा कमी असेल तर आवाज बद्द येतो. मागे जोडटायर असतात. आतला बसला तरी बाहेरचा त्याला उचलून धरतो, त्यामुळे नुसत्या नजरेला कळत नाही. सगळा भार एकट्या टायरवर येतो, तो तापतो आणि नेमका भर रस्त्यात फुटतो. ही फेरी पाच मिनिटांची. मालक झाल्यावर मी ती ड्रायव्हरांना सांगितली, पण त्यासाठी पाच मिनिटं मात्र कधी दिली नाहीत. गाडी भरली की माझा फोन सुरू व्हायचा, "निघाला का? अजून यार्डातच?"

आमचा मुख्य रस्ता कराड-चिपळूण. पाटण, कोयनानगर, हेळवाक, मग कुंभार्ली घाट आणि खाली पोफळी. जाताना साखर, पशुखाद्य, कांदा, येताना जांभा दगड. भरलेली गाडी कोकणात उतरवायची म्हणजे सह्याद्रीचा कडा उतरवायचा. पावसाळ्यात धुकं असं की स्वतःच्या गाडीचं बोनेट दिसत नाही.

डिझेलचे भाव वाढायला लागले तेव्हा मी ऑफिसमध्ये एक फळा लावला. प्रत्येक गाडीचं महिन्याचं अ‍ॅव्हरेज त्यावर लिहायचं आणि पहिल्या नंबरला दोन हजार रुपये बक्षीस द्यायचं. भरलेली दहाचाकी लिटरला साडेतीन-चार किलोमीटर देते, तिथे पाव किलोमीटर वाढला तरी महिन्याच्या शेवटी रक्कम दिसते. दोन महिन्यांत आकडे सुधारले. मी खूश होतो. ते कशामुळे सुधारले, हे मी एकदाही विचारलं नाही.

२०१५ च्या जानेवारीत रात्री अकराच्या सुमारास फोन आला. आमचे सगळ्यात जुने ड्रायव्हर, त्यांना आम्ही आबा म्हणतो, साखर घेऊन घाट उतरत होते. शेवटच्या वळणांमध्ये ब्रेक लागेना. हँडब्रेक ओढला, तोही धरेना. समोरून एसटी येत होती. आबांनी गाडी डोंगराच्या बाजूला घेतली, गटारात चाकं घातली आणि कातळाला घासत घासत थांबवली. डावी बाजू सोलून निघाली. क्लीनर पोराचा हात मोडला. एसटी शेजारून निघून गेली.

मी पोचलो तेव्हा दीड वाजला होता. जळक्या ब्रेक लायनरचा वास अजून तिथेच होता. बॅटरी मारून मागचे ब्रेकचे ड्रम बघितले तर तापून निळसर पडलेले. आबा दगडावर बसले होते, डोक्याला गमछा बांधून. मी विचारलं, "आबा, गियर कुठला होता?" ते बराच वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "मालक, न्यूट्रल हुती. अ‍ॅव्हरेज निघंना. गेल्या महिन्यात फळ्यावर माझा नंबर शेवटचा लागला हुता."

तीस वर्षं घाट उतरवणारा माणूस. अण्णांच्या वेळेपासूनचा. त्याला गाडी न्यूट्रलला टाकायला मी शिकवलं होतं, दोन हजार रुपये लावून.

पुढच्या आठवड्यात गॅरेजच्या मिस्त्रींकडे बसून मी सगळं समजून घेतलं. ते इथे सविस्तर लिहितो, कारण आजही कित्येक मालकांना वाटतं की उताराला न्यूट्रल म्हणजे फुकटचे किलोमीटर. गाडी गियरमध्ये असते तेव्हा उतारावर चाकं इंजिनाला फिरवतात आणि इंजिन गाडीला धरून ठेवतं. न्यूट्रल केली की ही पकड सुटते आणि पंचवीस-अठ्ठावीस टनांचं सगळं ओझं ब्रेकवर येतं. ब्रेक सतत दाबला की ड्रम तापून फुगतो, लायनर तापून गुळगुळीत होतो आणि मग पाय कितीही दाबा, गाडी धरत नाही. हँडब्रेकही शेवटी त्याच ड्रमवर चालतो, तो तरी काय धरणार? एअर ब्रेकच्या गाडीत प्रत्येक वेळी पायडल दाबलं की टाकीतली हवा खर्च होते. इंजिन आयडलवर असेल तर कॉम्प्रेसर संथ चालतो, भरते त्यापेक्षा हवा जास्त संपते. काही जण तर इंजिनच बंद करतात. मग कॉम्प्रेसर थांबतो आणि पॉवर स्टीअरिंगही जड होतं.

आणि ज्यासाठी हे सगळं चाललं होतं ते डिझेल? गाडी गियरमध्ये ठेवून अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढला की पंप इंजिनाला डिझेल द्यायचंच थांबवतो. न्यूट्रलमध्ये इंजिन चालू राहण्यासाठी थोडं थोडं डिझेल जळतच राहतं. म्हणजे घाटात ते वाचतही नव्हतं. फळ्यावरचे आकडे सुधारले ते बहुतेक सपाटीवर वेग आवरल्यामुळे.

फळा मी त्याच महिन्यात काढला. बक्षिसाचे पैसे सगळ्यांच्या पगारात वाटून टाकले. तेव्हापासून घाटाचा नियम अण्णांच्या काळचा आहे. ज्या गियरमध्ये गाडी घाट चढेल, त्याच गियरमध्ये ती उतरवायची. एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर अडवून गाडी धरणारा ब्रेक, लावायचा. पायब्रेक धरून ठेवायचा नाही, दाबायचा, वेग पाडायचा, सोडायचा. घाटाच्या तोंडाशी पंधरा मिनिटं गाडी उभी करायची. खाली उतरून चाकांजवळ हाताची पालथी बाजू न्यायची, एखादा ड्रम बाकीच्यांपेक्षा गरम लागला तर त्या चाकाचा ब्रेक धरून चाललाय असं समजायचं. हवेचा काटा पूर्ण चढल्याशिवाय चाक हलवायचं नाही.

आमच्या ड्रायव्हरांना पुण्याच्या रस्त्यावरही हेच लागतं. साताऱ्याकडून जाताना खंबाटकीचा बोगदा संपला की उताराचं वळण येतं आणि पुढे कात्रजचा नवा बोगदा ओलांडला की नवले पुलापर्यंत लांबच लांब उतार. २०२२ च्या नोव्हेंबरात तिथे एका अवजड गाडीने ओळीने कित्येक गाड्यांना धडक दिली. त्या रात्री मी आमच्या पुण्याला गेलेल्या दोन्ही ड्रायव्हरांचा आवाज ऐकेपर्यंत जेवलो नाही.

ड्रायव्हरांना सारखा फोन करणं बंद केलं, ते मात्र मला जड गेलं. गाडी कुठे आहे हे कळल्याशिवाय मालकाला चैन पडत नाही. आता गिऱ्हाइकांना ड्रायव्हरचा नंबर देत नाही. सगळे फोन ऑफिसला येतात आणि ते माझी पत्नी घेते. ड्रायव्हर तिला वहिनी म्हणतात. ते स्वतः थांब्यावरून फोन करतात आणि ती वहीत लिहिते: कुठे थांबला, किती वाजता, रात्री किती तास झोपला. झोपेचा रकाना तिनेच काढला. मोटार ट्रान्सपोर्ट कामगारांचा १९६१ चा कायदा २०२५ पर्यंत लागू होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८ तास काम आणि सलग ५ तासांच्या आत किमान अर्धा तास विश्रांती, असं त्यात लिहिलं होतं. एवढी वर्षं धंदा करून मी तो वाचला नव्हता. लांबच्या खेपेला आता दोन ड्रायव्हर जातात. त्यामुळे खर्च वाढला आणि रात्रीत माल हवा म्हणणारं एक मोठं गिऱ्हाईक सुटलं. वर्षभर ते जाणवलं.

जादा मालाचंही तसंच. दहाचाकीला गाडीसकट साडेअठ्ठावीस टनांची मर्यादा आहे. २०१९ पासून जादा मालाला २०,००० रुपये दंड आणि वर प्रत्येक टनाला २,००० लागतात. पण मी दंडापेक्षा त्या निळ्या ड्रमकडे बघून नाही म्हणतो.

टिपरचा धोका वेगळा. तो उभ्या गाडीचा आहे. खडी ओतताना बॉडी वर गेली की सगळा भार उंच जातो. खाली जमीन समपातळीत नसेल किंवा ताज्या मुरमात एक चाक रुतलं तर टिपर सरळ आडवा होतो. ओली क्रश सँड बॉडीला एका बाजूला चिकटून राहते, तेव्हाही तेच. म्हणून पावसाळ्यात आमचा ड्रायव्हर आधी खाली उतरून टाच मारून जमीन बघतो. साइटवरचे लोक ओरडतात, ओरडू देत. शेतात, वस्तीवर विजेच्या तारा खाली आलेल्या असतात. बॉडी तारेला लागली तर केबिनमध्येच बसून राहायचं, कुणाला गाडीजवळ येऊ द्यायचं नाही आणि वीज बंद करायला फोन करायचा. गाडी पेटली तरच बाहेर पडायचं, तेही दोन्ही पाय जुळवून उडी मारून. गाडी आणि जमीन एकाच वेळी अंगाला लागता कामा नये. आणि वर केलेल्या बॉडीखाली ग्रीस मारायला जाताना लोखंडी टेकू लावल्याशिवाय कुणी डोकं घालायचं नाही. नुसत्या जॅकवर भरवसा नाही, पाइप फुटला की बॉडी क्षणात खाली येते.

ऊस हंगामात आमच्या भागातले रस्ते रात्री बदलतात. उसाने लादलेल्या दोन-दोन ट्रॉल्या, मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर. अंधारात उसाचा ढीग आणि रस्ता एकच दिसतो. आमच्या एका छोट्या गाडीची समोरची काच अशाच ट्रॉलीतल्या उसाने फुटली. तेव्हापासून दिवाळीनंतर आम्ही लाल रिफ्लेक्टर पट्टीचे गठ्ठे आणतो आणि पंपावर डिझेल भरायला आलेल्या ट्रॉल्यांना, बैलगाड्यांना स्वतः चिकटवून देतो. चिखल पुसायला ड्रायव्हर एक जुनं पोतं बरोबर नेतात, नाहीतर पट्टी दोन दिवसांत गळते.

आमच्याकडचे एक ड्रायव्हर नाना, वय पंचावन्न. दोन वर्षांपूर्वी वहिनींच्या लक्षात आलं की भिंतीवरच्या कॅलेंडरची तारीख बघायला ते खुर्चीवरून उठून जवळ जातात. विचारलं तर म्हणाले, "चष्मा इसरलो." चष्मा त्यांना नव्हताच. मी त्यांना दारात उभं करून रस्त्यापलीकडच्या गाडीचा नंबर वाचायला सांगितला. त्यांनी वाचला, पण तो आमच्याच गाडीचा होता, पाठ असलेला. शेजारच्या गाडीचा वाचता येईना. मग ते खाली बसले आणि म्हणाले, समोरून लाइट आली की वर्षभरापासून सगळं पांढरं होतं. मोतीबिंदू होता. काम जाईल म्हणून बोलले नव्हते. ऑपरेशन होईपर्यंत त्यांना ऑफिसमध्ये बसवलं, पगार चालू ठेवला. आज ते पुन्हा गाडीवर आहेत. लायसन्सचं नूतनीकरण पाच वर्षांनी येतं, पण डोळे तेवढे दिवस वाट बघत नाहीत, म्हणून आता दर वर्षी पाडव्याच्या आधी अकराही जणांचे डोळे तपासून घेतो.

एक गोष्ट अजून पुरी झालेली नाही. ड्रायव्हरने झोपायचं कुठे? ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना एसी केबिन सक्तीची झाली, ही चांगली गोष्ट आहे, पण आमच्या सगळ्या गाड्या त्याआधीच्या. चिपळूणच्या रस्त्याला गाडी सुरक्षित लावून अंघोळ करून चार तास पाठ टेकावी अशी जागा मिळत नाही. पोफळीच्या पुढे एका हॉटेलवाल्याशी बोलून मागच्या खोलीत दोन खाटा टाकल्या आहेत, भाडं आम्ही देतो. कराडच्या ऑफिसमागे पत्र्याची खोली बांधली, गिझर बसवला. खाटा तीन आहेत आणि उन्हाळ्यात पत्रा तापतो, त्यामुळे दुपारी तिथे कुणी झोपू शकत नाही. पाऊस सुरू होण्याआधी त्यावर कौलं घालायची आहेत. माप घेऊन झालंय. कौलं येताना आबाच घेऊन येणार आहेत, चिपळूणहून.