तुम्ही विचारलंत म्हणून: चौशिंगा की पाकट?

शाळेत प्राण्यांवर बोलायला गेलो की शेवटी हा प्रश्न येतोच: "सर, चौशिंगा आणि पाकट यांची मारामारी झाली तर कोण जिंकेल?" माझ्या स्लाइड्समध्ये दोघे लागोपाठ येतात, म्हणून ही जोडी. चौशिंगा मेळघाट-ताडोबाच्या पानगळीच्या जंगलातला चार शिंगांचा छोटा प्राणी, पाकट समुद्रतळाच्या वाळूतला चपटा मासा (स्टिंग-रे). यांची गाठ पडणार कुठे, हे मुलं ऐकूनच घेत नाहीत.

मारामारी होणारच नाही, कारण दोघेही दडून बसणारे. चौशिंगा जेमतेम दोन फूट उंच, वीसेक किलोचा. धोका जाणवला की गवतात जागच्या जागी थिजतो. फारच जवळ गेलात तर पळ काढतो. शिंगं फक्त नराला. मागची जोडी बोटभर, पुढची कधीकधी नुसती गुठळी. गाय-बकरीच्या अख्ख्या कुळात चार शिंगांचा रानटी प्राणी हा एकटाच, पण ती शिंगं चालतात माजाच्या दिवसांत, दुसऱ्या नरावर.

पाकटाचं हत्यार मात्र खास बचावासाठी. शेपटीवरचा काटा म्हणजे रूप बदललेला खवलाच. दोन्ही कडांना मागे वळलेले दाते, त्यामुळे आत सहज शिरतो आणि निघताना मांस फाडतो. वर पातळ त्वचा, तिच्यात विष. काटा तुटला तर नवा येतो. चौशिंग्याचं शिंग गेलं की गेलं. एवढं असूनही पाकट कुणाच्या अंगावर जात नाही. वाळू पांघरून पडून राहतो. तोंड आणि कल्ले खालच्या बाजूला, म्हणून श्वासाचं पाणी डोळ्यांमागच्या भोकांतून आत घेतो. पाय पडला तरच शेपटी उसळते. म्हणून उथळ पाण्यात पाय न उचलता घासत चालावं, चाहूल लागली की तो आपणहून सरकतो. काटा लागलाच तर जखम सोसवेल इतक्या गरम पाण्यात धरायची, त्याने वेदना उतरते, आणि दवाखाना गाठायचा. २००६ मध्ये टीव्हीवरचा ऑस्ट्रेलियन प्राणिप्रेमी स्टीव्ह आयर्विन गेला, कारण काटा छातीत लागला होता. असे मृत्यू फार विरळा. (हिंद महासागरात एक पाकट असाही आहे, ज्याच्या पाठभर काटे, पण शेपटीला नांगीच नाही!)

तरी एखादा हट्टी म्हणतोच, "पण सर, समजा झालीच तर?" मग गुडघाभर पाण्यात पाकट. कोरड्यावर चौशिंगा, त्याला काही करावंही लागणार नाही. नुसतं उभं राहायचं.