पिरिफॉर्मिस सापडेपर्यंत

एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला डिसेक्शन हॉलमध्ये ग्लुटियल रीजन, म्हणजे कुल्ल्याचा भाग सुरू झाला, तेव्हा सीनियर्सनी छातीठोकपणे सांगितलं होतं, "सोपं आहे, पटकन उरकतं." त्यांच्या टेबलावर बहुधा एखादे काटकुळे आजोबा असावेत. आमच्या टेबलावर आजी होत्या, चांगल्या अंगापिंडाच्या. देहदान केलेल्या. त्यांना पालथं घालायलाच हॉलमधल्या मदतनीस मामांना आमच्यातल्या दोघांची मदत लागली.

चित्रात त्वचा उचलली की खाली लगेच लालबुंद स्नायू दिसतो. प्रत्यक्षात मध्ये चरबी. पिवळी, तेलकट, देह टिकवणाऱ्या फॉर्मॅलिनमध्ये मुरलेली, आणि आत तंतूंचे पडदे असल्यामुळे ओढून एकदम न निघणारी. कुल्ल्यावर बसायचं तर ही गादी हवीच, पण ती खरवडणाऱ्याच्या मनात असला उदात्त विचार येत नाही. डोळे चुरचुरत असतात आणि भूक मात्र सडकून लागलेली असते. फॉर्मॅलिनच्या वासाने भूक का लागते कोण जाणे, पण हॉलमधून सुटलो की सगळी बॅच थेट वडापावच्या गाडीवर. या चरबीतून क्लुनियल नर्व्ह, म्हणजे इथल्या त्वचेच्या बारीक नसा, शोधायच्या असतात. आम्ही दोन-तीन धाग्यांना ते नाव देऊन टाकलं. मॅडमनीही फार ताणलं नाही.

मग ग्लुटियस मॅक्सिमस, कुल्ल्याचा सगळ्यांत मोठा स्नायू. सुतळीच्या जाड जुड्या शेजारी शेजारी तिरक्या मांडाव्यात तसे त्याचे तंतू. एवढा थोरला स्नायू मांडीच्या हाडाला घट्ट धरत असेल असं वाटतं, पण त्याचा साधारण पाऊण हिस्सा हाडाला जातच नाही. तो मांडीच्या बाहेरच्या बाजूने गुडघ्यापर्यंत उतरणाऱ्या इलिओटिबियल ट्रॅक्ट नावाच्या तंतूंच्या पट्ट्यात मिसळतो. उरलेला पाव भाग तेवढा फीमरला, म्हणजे मांडीच्या हाडाला. सपाट रस्त्यावर चालताना त्याला फारसं काम नसतं. उकिडवं बसून उठताना किंवा जिना चढताना तो जुंपला जातो.

तो कापून बाजूला उलटवायचा, हे त्या दिवसाचं मुख्य काम. मी स्काल्पेल उचललं तशा मॅडम म्हणाल्या, "चाकू ठेव अगं. आधी खालच्या कडेने बोटं घाल." बोटं घातली आणि स्नायू पोटाखालून सुटा होत गेला. मग त्रिकास्थीच्या, म्हणजे कण्याच्या तळाशी असलेल्या हाडाच्या, जवळून कापून बाहेरच्या अंगाला उलटवला. पूर्ण उलटेना, कारण इन्फिरिअर ग्लुटियल नर्व्ह आणि रक्तवाहिन्या त्याच्या आतल्या पृष्ठभागात शिरून त्याला धरून ठेवतात. त्या ओळखून, दाखवून, मगच कापायच्या.

आणि आत नुसती गर्दी. कोण कुठून येतंय, कुठे जातंय, काही पत्ता लागेना. मॅडम एवढंच म्हणाल्या, "पिरिफॉर्मिस शोधा. बाकीचे आपापल्या जागी सापडतील." त्रिकास्थीच्या आतून निघून ग्रेटर सायॅटिक फोरामेन या मोठ्या छिद्रातून बाहेर येणारा आणि निमुळता होत ट्रोकँटरच्या, म्हणजे मांडीच्या हाडाच्या वरच्या उंचवट्याच्या, टोकाला जाणारा हा किरकोळ स्नायू. पण त्याच्या वरून येतात त्या सुपीरिअर ग्लुटियल वाहिन्या आणि नर्व्ह, बाकी सगळी मंडळी खालून. खालून येणाऱ्यांत सायॅटिक सगळ्यांत ठळक: शरीरातली सर्वांत जाड नर्व्ह, चपटी, जवळपास २ सेंमी रुंद. मी बोटाने उचलून पाहिली तेव्हा नर्व्ह एवढी भक्कम असू शकते हे पहिल्यांदा पटलं. प्युडेंडल नर्व्ह मात्र बाहेर डोकावते आणि इश्चियल स्पाइन या हाडाच्या टोकाला वळसा घालून लेसर फोरामेन या लहान छिद्रातून परत आत. ती पाहायला मान वाकडी करावी लागते.

शेजारच्या टेबलावर वेगळाच प्रकार निघाला. सायॅटिकचे दोन भाग वरच सुटलेले, त्यातला एक, कॉमन पेरोनियल, पिरिफॉर्मिसच्या मधूनच आरपार. मॅडमनी सगळ्या टेबलांना बोलावून दाखवलं. बीटन आणि अॅन्सन यांनी १९३७ मध्ये अशा तऱ्हांचं वर्गीकरण केलं, आणि साधारण दहातल्या एका बाजूला ही तऱ्हा आढळते. शेजारच्या टेबलवाल्यांचा तोरा पुढे आठवडाभर टिकला.

पार्ट एंडिंगच्या, म्हणजे या भागावरच्या परीक्षेच्या, आदल्या रात्री हॉस्टेलवर रूममेटला पालथं झोपवून तिच्या पायजम्यावर खडूने खुणा केल्या. पाठीखालच्या खळीपासून बसायच्या हाडापर्यंतच्या रेषेचा मध्य, त्याच्या जरा बाहेरून सायॅटिक निघते. ट्रोकँटर आणि बसायचं हाड यांच्या साधारण मध्यातून, किंचित आतल्या अंगाने, मांडीत उतरते. दोन बिंदू जोडले की झालं. गुदगुल्यांमुळे रेषा वाकडी आली.

व्हायव्हात, म्हणजे तोंडी परीक्षेत, सरांनी हाडाला हातही लावू दिला नाही. "उजव्या पायावर उभी राहा. उजवी सुपीरिअर ग्लुटियल नर्व्ह गेली, तर कमरेची कुठली बाजू खाली पडेल?" घाईत कुणीही उजवी म्हणेल. पण त्या नर्व्हवर चालणारे उजवे ग्लुटियस मीडियस आणि मिनिमस हे स्नायू आपल्या बाजूने खुबा ओढून धरतात म्हणून डावीकडचा भार तोलला जातो. ते लुळे पडले की खाली येते डावी बाजू. ट्रेंडेलेनबर्ग यांनी १८९५ मध्ये हे मांडलं. मी प्रत्यक्ष उभी होते, हात उजव्या खुब्यावर ठेवला, मीडियस टणक झालेला लागला आणि उत्तर तिथेच मिळालं.

आता इंटर्नशिपमध्ये पेशंट "कमरेत द्या" म्हणतात ते इंजेक्शन याच भागात. वरचा बाहेरचा चतुर्थांश, हे सगळ्यांना पाठ असतं. पण चार भाग कशाचे करायचे? फुगीर दिसतो तेवढ्याचे नाहीत. वर थेट इलियॅक क्रेस्टपासून, म्हणजे कमरेच्या हाडाच्या वरच्या कडेपासून, खाली कुल्ल्याच्या घडीपर्यंतच्या अख्ख्या भागाचे. फुगवट्याचेच चार केले तर सुई सायॅटिकच्या नको तितकी जवळ येते. म्हणून मी आधी हाताने क्रेस्ट चाचपते. पेशंट विचारतात, "डॉक्टर, एवढं वर?" हो, एवढंच वर.